कुणाची वीत?

खोकी वाटेत फुगतात, असं शिट्टीचं म्हणणं होतं.

शिट्टी म्हणजे कुरिअरचा माणूस. पन्नाशी उलटलेला, पण जिना चढताना शिट्टी वाजवल्याशिवाय त्याचं पाऊल उचलत नसे. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत गाणं संपलं नाही, तर दाराबाहेर उभा राहून ते पुरं करायचा आणि मगच बेल दाबायचा.

"इथून नेतो तेव्हा एवढी असतात," त्याने दोन्ही हात पसरून दाखवले. "आणि डेपोत त्या लाल उजेडाच्या यंत्राखाली गेली, की एवढी." हात आणखी पसरले, जिन्याच्या कठड्याला लागले. "मधल्या रस्त्यात काय होतं ते मला विचारू नका, बाई. मी पुढे बसलेला असतो."

"तुमचं आपलं काहीतरीच," थोरली म्हणाली. पण तो गेल्यावर तिने खळीत बुडवलेला ब्रश बराच वेळ वर काढला नाही.

घरात दोघीच. थोरली आणि धाकटी, जावा-जावा. थोरलीचा नवरा चार वर्षांमागे गेला. धाकटीचा जहाजावर इंजिनाकडे असतो, वर्षातून दोनदा घरी येतो, आणि आल्यावर आठवडाभर जमीन हलतेय म्हणून भिंतीला धरून चालतो. दोन जावा एका छताखाली, मध्ये पडायला कुणी नाही, म्हटल्यावर शेजाऱ्यांनी सुरुवातीला कान टवकारून पाहिले. पण भांड्याला भांडं लागायला आधी घरात भांडी हवीत. इथे पुढच्या खोलीत कागदच कागद, मधल्या खोलीत छताला तारेचे सांगाडे टांगलेले, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी, धाकटीचा कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरात त्यांचं दुकान.

दुकान कागदी दिव्यांचं. थोरली तारेच्या गोल सांगाड्यावर पातळ पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवायची, एकीवर एक, सुरकुती म्हणून दिसू द्यायची नाही. आत बल्ब लावला की भिंतीवर दूध सांडल्यासारखा उजेड पडायचा. मापं चार आणि नावंही चार: लिंबू एक वीत, संत्रं दीड, भोपळा दोन आणि चांदोबा तीन. खोकंही त्याच मापाचं, खोकेवाला दिवा पुढ्यात ठेवूनच कापायचा.

पट्टी, टेप असलं काही थोरली कधी हातात धरत नसे. तरुणपणी ती नाटकांची सजावट करणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. तिथल्या म्हाताऱ्या मुकादमाने पहिल्याच दिवशी तिच्या हातातली पट्टी काढून घेतली होती. "पट्टी हरवते," तो म्हणाला होता, "हात हरवत नाही. आणि ज्याचं माप बदललं, त्याचा हात गेला म्हणून समजायचं." ते वाक्य तिने असं गिळलं होतं की तीस वर्षं झाली तरी पचलं नव्हतं. तिचा भोपळा म्हणजे दोन वीत. तसूभर इकडे नाही, तिकडे नाही.

ऑनलाइन दुकानाची कल्पना धाकटीची. दोन वर्षांपूर्वी तिचं ऑफिस उचलून दुसऱ्या, लांबच्या शहरात गेलं, ती गेली नाही. "एवढे दिवे छताला टांगून ठेवायचे म्हणजे काय, वहिनी? लोकांना दिसू देत की," असं म्हणून तिने फोटो काढले, नावं दिली आणि कुठल्या गावाला कोणता दिवा पाठवायला किती दर, याचा तक्ता केला. तो तक्ता एका दुपारी भिंतीच्या आरपार तयार झाला. इकडून थोरली ओरडून मापं सांगायची, तिकडे धाकटी कॉम्प्युटरात भरायची. तेवढ्यात दुकान उघडलं. फिरून त्या तक्त्याकडे कुणी पाहिलं नाही.

आणि आता कुरिअरवाल्यांचं पत्र आलं होतं.

"ऐका," धाकटी वाचू लागली. "'आपण जाहीर केलेली मापे वस्तुस्थितीशी वारंवार जुळत नाहीत. येत्या एक तारखेपर्यंत मापे व दर दुरुस्त करून तफावतीचे कारण कळवावे, अन्यथा आपले खाते बंद करण्यात येईल.'"

"म्हणजे आपण खोटारड्या," थोरली म्हणाली.

"असं लिहिलं नाहीये त्यांनी."

"लिहायला कशाला हवं? हातच्या काकणाला आरसा कशाला?"

धाकटीने तिला पुन्हा एकदा समजावून सांगितलं. कुरिअरवाले वजन दोन तऱ्हांनी करतात. एक काट्यावर. दुसरं खोक्याची लांबी, रुंदी, उंची पाहून, गाडीत जागा किती अडली त्याचं. दोन्हींतलं जास्त भरेल ते खरं. भोपळा काट्यावर पाऊण किलोसुद्धा नव्हता. जागेच्या वजनाने तो आपल्या तक्त्यात सव्वानऊ किलोचा होता आणि त्यांच्या यंत्रावर सतरा किलोचा. गिऱ्हाईक दर भरायचं सव्वानऊचा, कुरिअरवाले लावायचे सतराचा. मधलं दुकानाच्या अंगावर.

"पाऊण किलोचा दिवा," थोरली सावकाश म्हणाली, "आणि सव्वासोळा किलो हवा."

"तसंच."

"हवा जड असते हे मला कुणी सांगितलं नाही कधी."

"आता सांगितलं ना. त्यासाठी तर पत्र पाठवलंय."

दोघी हसल्या, पण धाकटीचं हसू लवकर संपलं. खातं बंद झालं तर दुकान बंद. एवढे नाजूक दिवे नेणारं दुसरं कुणी आसपास नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. आणि दुकान बंद झालं तर काय, हे थोरली विचारत नव्हती, कारण ते विचारलं की उत्तर येण्याची भीती.

त्या दुपारी तिचा डोळा लागला, आणि तिने खोकी फुगताना पाहिली.

कुरिअरची गाडी डोंगरातल्या वळणांवरून चालली होती. शिट्टी पुढे बसून शिट्टी वाजवत होता. मागे अंधारात खोकी श्वास घेत होती. आधी हळू, झोपलेल्या मुलांसारखी. मग पुठ्ठा उसवला, पांढरे गोळे बाहेर आले, गाडीची दारं त्यांनी अलगद ढकलली आणि दरीवर तरंगू लागले. भोपळा घराएवढा झाला. चांदोबा तर गावावर सावली पाडू लागला. खाली कुरिअरचे गणवेशवाले दोऱ्या फेकून त्यांना ओढत होते, टेप लावत होते, आकडे ओरडत होते, आणि आकडे हवेतच विरत होते. थोरली एका दिव्याच्या तोंडातून आत शिरली. आत तिचा नवरा खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसला होता, जसा घरी दिव्याखाली बसायचा तसाच. त्याने मान वर केली नाही.

"बघ, इथे जागा किती आहे," तो म्हणाला. "उगीच लोक म्हणतात, पोकळ आहे."

ती जागी झाली तेव्हा तिची दोन्ही हातांची बोटं ताणलेली होती, जणू काही मोजायचं राहिलं होतं.

स्वयंपाकघरात धाकटी टेप घेऊन उभी होती. टेबलावर भोपळ्याचं खोकं होतं. तिचा चेहरा पाहून थोरलीला वाटलं, हिलाही स्वप्न पडलं की काय.

"चव्वेचाळीस," धाकटी म्हणाली. "तक्त्यात छत्तीस आहे. वहिनी, रागावू नका. पण दिवे मोठे झालेत."

"कुणाचे?"

"आपले. तुमच्या नकळत झाले असतील. दोन वर्षांत हळूहळू. असं होतं म्हणे. शिवणाऱ्या बायकांचा टाकाही वयाबरोबर मोठा होतो."

"टाका डोळ्यांनी होतो मोठा. मी डोळ्यांनी मोजत नाही."

"मग खोकं काय खोटं बोलतंय?"

"खोकं नाही बोलत. तुझा टेप बोलतोय, आणि तू त्याची बाजू घेतेयस."

धाकटीने ओठ दाबले. नाचता येईना अंगण वाकडं, हे तिच्या अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं, हे थोरलीला स्पष्ट दिसलं. ते ती बोलली नाही, याचंच थोरलीला जास्त लागलं. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

पुढच्या खोलीत जाऊन तिने कोरा सांगाडा पुढ्यात ओढला आणि त्यावर हात ठेवला. एक वीत, दोन वीत. बरोबर. पण बरोबर म्हणजे कशाशी बरोबर? हाताचं माप हातानेच तपासायचं, हे म्हणजे चोराला कुलपाची राखण सांगण्यासारखं झालं. ती बोटं उजेडाकडे धरून पाहू लागली. सांधे थोडे जाड झाले होते. बोटं लांब होतात का म्हातारपणी? कान होतात म्हणतात. नाकही. मुकादमाचं वाक्य तीस वर्षांनी पहिल्यांदा तिच्याकडे तोंड करून उभं राहिलं. ज्याचं माप बदललं, त्याचा हात गेला.

संध्याकाळी धाकटी तक्ता नव्याने भरत होती. कुरिअरवाल्यांनी जगाचे चार तुकडे केले होते: हेच शहर, जवळची गावं, लांबची गावं, आणि समुद्रापलीकडचं सगळं. प्रत्येक तुकड्याला प्रत्येक दिव्याचा दर. भरून झालं की एखादा पत्ता घालून बघायचा, दुकान बरोबर दर सांगतं की नाही. थोरली चहाचे कप घेऊन तिच्या मागे येऊन उभी राहिली.

"हा कुणाचा पत्ता?"

"असाच." धाकटीचा हात बटणांवर थांबला. "चाचणीचा. लांबच्या गावांचा दर बघत होते."

थोरलीने चष्मा खाली ओढून वाचलं. शहर तेच होतं, जिथे धाकटीचं ऑफिस गेलं होतं. रस्ता, घरनंबर, दुसरा मजला. आणि खाली, सूचना लिहायच्या जागेत: 'मागच्या जिन्याने यावे. बेल बिघडली आहे, दार वाजवावे.'

"चाचणीच्या पत्त्याची बेल बिघडलेली असते का गं?" थोरलीने विचारलं.

धाकटीने बटणांवरचा हात मांडीवर घेतला. फ्रिज घुरघुरला, गप्प झाला.

"त्यांचा फोन आला होता," शेवटी ती म्हणाली. "जागा रिकामी झालीय. खोलीसुद्धा तेच देतायत. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. मी अजून काही कळवलेलं नाही, वहिनी. पण दुकानच नसेल, तर मी इथे बसून काय करू? तुमच्या डोक्यावर आणखी एक तोंड."

"माझ्या डोक्यावर छत आहे. त्यावर एक तोंड सहज मावतं."

"वहिनी."

"बरं, बरं. किती दाखवतंय?"

"काय?"

"दर. भोपळा तिकडे पाठवायचा, तर."

धाकटीने दाखवला. खऱ्या मापाचा, सतरा किलोचा दर. दिव्याच्या किमतीएवढाच तो. एवढे देऊन दिवा कोण मागवणार, हे दोघींनाही न बोलता कळलं.

"आणि दिवस?"

"चार ते सहा."

"जवळ आहे की मग," थोरली म्हणाली आणि कप खाली ठेवला. आतल्या चहावर साय धरली होती. तो तिने कुणालाच दिला नाही.

गुरुवारी सकाळी धुकं होतं. खिडकीबाहेर रस्ता नव्हताच, नुसता पांढरा कागद ताणून लावलेला, आणि मागून कुणीतरी दिवा धरल्यासारखा सूर्य. थोरली लवकर उठून मधल्या खोलीत उभी होती आणि वर पाहत होती.

तिथे सांगाड्यांच्या गर्दीत तिचा पहिला भोपळा टांगलेला होता. लग्नानंतर पहिल्या वर्षी केलेला. कागद चहाच्या रंगाचा झाला होता, एका बाजूला धाकट्या दिराने लहानपणी मारलेल्या चेंडूची खूण होती. हात बदलला असेल, तर हा दिवा सांगेल. तो तर बदलला नाही. तीस वर्षं तो जागचा हलला नव्हता, वाढायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तिने स्टूल ओढलं, चढली, आणि श्वास रोखून हात लावला. अंगठा एका कडेला, करंगळी जाईल तिथे. एक वीत. दोन वीत. करंगळी कडेवर अशी बसली, जशी चावी कुलपात बसते.

दिव्याला धरूनच ती क्षणभर उभी राहिली. मग तिने हाक मारली, आणि हाक जरा मोठीच निघाली. "अगं ए! इकडे ये आधी!"

धाकटी केस अर्धे विंचरलेले तशीच धावत आली. "पडलात का?"

"पडेन कशाला? हा बघ. माझा पहिला. दोन वीत. आज मोजला, अजूनही दोनच वीत. हात गेलेला नाही माझा. ये, तू स्वतः मोज, म्हणजे उद्या म्हणायला नको."

"टेप आणते."

"टेपाचं तोंड नाही बघायचं मला सकाळी सकाळी. हात नाही का तुला?"

धाकटी स्टुलावर चढली. ती मूळची ठेंगणी, टाचा उंचावून तिने हात लावला. एक वीत. दोन वीत. मग ती थांबली.

"उरलंय," ती म्हणाली.

"काय उरलंय?"

"दिवा उरलाय. दोन वीत झाल्या, तरी अजून इतका आहे पुढे. चांगली चार बोटं."

"नीट मोज. तिरका धरला असशील."

"सरळच धरलाय." तिने पुन्हा मोजलं. "बघा. एक. दोन. आणि हा उरला."

थोरलीने मान वर करून पाहिलं. धाकटीचा हात दिव्यावर पसरलेला होता, धुक्याच्या उजेडात. लहानसा, गोरटेला, दुकानात मुलांच्या मापाचे हातमोजे घ्यावे लागतात तसला हात. किती वर्षं तो हात तिने रोज पाहिला होता. त्याने वाढलेलं खाल्लं होतं, तापात कपाळावर घेतला होता. मोजला मात्र कधी नव्हता.

"खाली ये," ती हळूच म्हणाली.

धाकटी खाली आली. थोरलीने आपला पंजा पुढे केला, लहान मुलांच्या खेळात करतात तसा, आणि धाकटीने त्यावर आपला टेकवला. मनगटाला मनगट जुळलं. वर बोटांची टोकं मात्र एकेक पेर खालीच राहिली.

"तक्ता केला त्या दिवशी," धाकटी म्हणाली, तिचा आवाज कुठूनतरी लांबून आल्यासारखा, "मी तुम्हाला विचारलं होतं. वीत म्हणजे किती? तुमचे हात खळीत होते. तुम्ही आतून ओरडलात..."

"...'वीत म्हणजे वीत, हात नाही का तुला?'"

"मग मी माझा हात पट्टीवर ठेवला. अठरा आले. अठरा भरले."

"माझी किती असेल?"

धाकटीने या वेळी टेप आणला, आणि थोरलीने काही म्हटलं नाही. बावीस. धाकटीने मनातल्या मनात गुणाकार केला. दोन वीत म्हणजे तिच्या मापाने छत्तीस, थोरलीच्या मापाने चव्वेचाळीस, आणि लांबी-रुंदी-उंची तिन्हीकडून हा फरक पडला, की सव्वानऊ किलोचे सतरा व्हायला वेळ लागत नाही.

"चार बोटांवर स्वर्ग राहिला आपला," थोरली म्हणाली.

"दोन बोटं असतात हो, म्हणीत."

"कुणाची?" थोरलीने विचारलं, आणि मग ज्या हसत सुटल्या दोघी. धाकटी स्टुलावर बसून, थोरली भिंतीला धरून, जहाजावरून आल्यासारखी. वरचे सांगाडेही एकमेकांवर आपटून किणकिणायला लागले.

हसू ओसरलं तसं धाकटीच्या डोळ्यांत पाणी राहिलं. "म्हणजे चूक माझीच," ती म्हणाली. "तुम्हाला उगीच बोलले मी. दिवे मोठे झाले म्हणाले."

"वयाबरोबर म्हणालीस. ते जास्त लागलं."

"आणि आता चूक कळून तरी काय? खरा दर लावला तर कुणी घेणार नाही. खोटा लावला तर खातं बंद. तक्ता खरा करायचा, म्हणजे दुकान उपाशी मारायचं."

थोरली पुढच्या खोलीत गेली. खिडकीशी उभी राहिली. धुक्यातून एक सायकल आली आणि गेली, कुणाची ते दिसलं नाही, नुसता घंटेचा आवाज. दोन वर्षं लोकांनी धाकटीच्या वितीचे दर भरले होते. कुरकुर न करता. तो तक्ता लोकांना पटला होता. खोटा होता तो फक्त दिव्यांच्या बाजूने. आणि दिवे कोण करतं? देव नाही करत.

"जुना तक्ताच राहू दे," ती म्हणाली.

"काय?"

"होता तसा राहू दे. तो खरा आहे. दिवे खोटे आहेत."

धाकटी दारात येऊन उभी राहिली.

"छत्तीस म्हणतो ना तक्ता? मग भोपळा छत्तीसचा करायचा. तुझ्या वितीने दोन. लिंबू तुझी एक वीत, चांदोबा तुझ्या तीन. म्हणजे दर बरोबर, माप बरोबर, आणि त्या लाल उजेडाच्या यंत्राच्या तोंडाला कुलूप. खोकेवाल्याला सांगू, नवीन मापाची खोकी कर. जुने मोठे ज्याला हवेत त्याला खऱ्या दराने, घेईल तो घेईल."

"तुम्ही माप बदलणार?" धाकटीचा विश्वास बसेना. "तुम्ही? मुकादम काय म्हणेल?"

"मुकादमाला जाऊन पंधरा वर्षं झाली. तो काही म्हणाला, तर मला स्वप्नात भेटेल. तिथे हल्ली बरीच जागा असते."

बोलणं सोपं होतं. करायला बसल्यावर थोरलीची तारांबळ उडाली. तिने तार वळवायला घेतली आणि बोटं आपोआप आपल्या वितीला जाऊन पोचली. पुन्हा घेतली, पुन्हा तेच. जित्याची खोड. चार बोटं आखडून धरायची म्हटलं, की अंगठा बंड करायचा. तिसऱ्या वेळी तिने पक्कड टेबलावर आपटली.

"इकडे ये," ती म्हणाली. "बस इथे. हात ठेव. असा, ताणून."

धाकटी शेजारी बसली. तिने टेबलावर हात पसरला. थोरलीने तिच्या अंगठ्याशी तार धरली, करंगळीशी वाकवली. तार गार होती, धाकटीने बोट किंचित आखडलं.

"हलू नको. तू हललीस की चंद्र बिघडेल."

खळ झाली. कागद झाला. दुपारपर्यंत धाकटीचे दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे झाले होते आणि केस तसेच अर्धे विंचरलेले होते. नवा भोपळा टेबलावर होता, जुन्याहून लहान, गालासारखा. थोरलीला तो आवडणार नाही असं धाकटीला वाटलं होतं. पण बल्ब लावून पाहिला, तर उजेड तेवढाच होता. जागा कमी म्हणून थोडा दाट.

कुरिअरवाल्यांच्या पत्रात तफावतीचं कारण लिहायला एक ओळ होती. धाकटीने हात पुसून एका बोटाने लिहिलं: 'माप सांगणारा हात आणि माप लिहिणारा हात वेगवेगळे होते. आता एकच ठेवला आहे.'

"त्यांना कळेल का हे?" थोरलीने विचारलं.

"यंत्राला कळणार नाही. शिट्टीला कळेल."

संध्याकाळी शिट्टी आला. गाणं लांबलचक होतं, दोघी आतून त्याच्या संपण्याची वाट पाहत राहिल्या. त्याने नव्या मापाचं खोकं उचललं. दोघींनी गळ घातल्यावर खोकेवाल्याने हातातलं काम बाजूला ठेवून ते कापून दिलं होतं.

"आज हलकं वाटतंय," तो म्हणाला.

"डेपोत नीट बघा," थोरली म्हणाली. "आणि वाटेत मागे वळूनही बघा जरा."

शुक्रवारी दुपारी दोघी पुढच्या खोलीत होत्या. धाकटीचा हात टेबलावर पसरलेला, थोरली चांदोबाची तार वळवत होती.

"वहिनी," धाकटी म्हणाली, "माझ्या वितीची एक काठी कापून ठेवली तर? प्रत्येक वेळी माझा हात कशाला लागतो?"

थोरलीने तार सोडली नाही. वर पाहिलंही नाही.

"काठी हरवते," ती म्हणाली.

"तुमची वीत तीस वर्षांत हरवली नाही ती."

"तुझी हरवेल. लहान आहे."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. थोरली तार वाकवण्यात अशी गढली होती की जणू जगात दुसरं काही नाही. कान मात्र तिचे लाल झाले होते.

एवढ्यात आत फोन वाजला. स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी. पहिली घंटा. दुसरी. आज शुक्रवार आहे, हे दोघींनाही एकदमच आठवलं, किंवा सकाळपासून दोघीही ते विसरल्याचं सोंग करत होत्या.

"तुझा असेल," थोरली म्हणाली. तिने तार टेबलावर ठेवली आणि तिच्यापासून हात दूर घेतला. "जा. मी थांबते."

धाकटी उठली नाही. तिचा अंगठा आणि करंगळी होती तिथेच, ताणलेली, मधे तीन वीत मापाच्या चंद्राची पहिली वीत.

"तुम्हीच घ्या," ती म्हणाली. "मी हलले तर बिघडेल."

"काय सांगू त्यांना?"

"सांगा, हात गुंतलाय."

थोरली उठली. दारापर्यंत गेली, परत आली, धाकटीच्या करंगळीशी पेन्सिलीने बारीकशी खूण केली, न जाणो, आणि मग पदराला हात पुसत फोनकडे गेली. पुढच्या खोलीत धाकटी हात पसरून बसून राहिली. आतून थोरलीचा आवाज ऐकू येत होता, फोनवर ती नेहमी बोलायची तसा, पलीकडचा माणूस दुसऱ्या डोंगरावर असल्यासारखा मोठ्याने:

"हो, मी तिची जाऊ. नाही हो, तिला नाही येता येणार. हात गुंतलाय तिचा. कधीपर्यंत?" मग थोडा वेळ काहीच नाही. "ते काय सांगू? आता कुठे पहिली वीत झालीय."